आरपीएम नको, जी लिहा: पेशीउपचारांच्या प्रमाणीकरणाबद्दल

पेशीउपचाराच्या एखाद्या प्रोटोकॉलमध्ये "१५०० आरपीएमवर १० मिनिटं फिरवा" एवढंच लिहिलेलं दिसलं, की प्रमाणीकरण तिथेच बिघडलं असं खुशाल समजावं. सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नळी गरगर फिरवून थर वेगळे करणाऱ्या यंत्रात, पेशीवर येणारा जोर दोन गोष्टींवर ठरतो: फिरण्याचा वेग (आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे) आणि रोटरची, म्हणजे फिरत्या चक्राची, त्रिज्या. हिशेब सोपा आहे. सेंटिमीटरमधली त्रिज्या गुणिले आरपीएमचा वर्ग गुणिले ०.००००१११८, आणि उत्तर येतं ते जीमध्ये, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या टेबलावरच्या छोट्या यंत्रात १५०० आरपीएम म्हणजे साधारण २५० जी. १६ सेंटिमीटर त्रिज्येच्या मोठ्या यंत्रात तेच १५०० आरपीएम म्हणजे ४०० जी. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या छोट्या क्लिनिकमधलं यंत्र पहिल्या प्रकारचं असेल, रक्तपेढीतलं दुसऱ्या प्रकारचं. कागदावर कृती एकच आहे, हातात येणारा पदार्थ मात्र वेगळा.

याचा सगळ्यात रोजचा फटका पीआरपीला, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेट-समृद्ध प्लाझ्माला, बसतो. गुडघ्यासाठी, टेनिस एल्बोसाठी, केसांसाठी नाशिकमध्ये पीआरपी आता सर्रास दिलं जातं. काटेकोरपणे पाहिलं तर प्लेटलेट म्हणजे पूर्ण पेशी नव्हे, तो पेशीचा तुकडा. तरी रिजनरेटिव्ह मेडिसिनमधली (शरीराचे बिघडलेले भाग पेशींच्या मदतीने दुरुस्त करू पाहणाऱ्या वैद्यकातली) अडचण इथे सगळ्यात स्वच्छ दिसते. पहिल्या फिरकीत जोर जास्त झाला तर प्लेटलेट तांबड्या पेशींवरच्या पांढुरक्या थरात जाऊन बसतात आणि वरच्या प्लाझ्मात फारसं काही उरत नाही. जोर कमी पडला तर थर नीट वेगळे होत नाहीत आणि सिरिंजमध्ये तांबड्या-पांढऱ्या पेशीही ओढल्या जातात. पांढऱ्या पेशी असलेलं आणि नसलेलं पीआरपी सांध्यात सारखं वागत नाही.

त्यात "चार पट प्लेटलेट" हा शब्दप्रयोग. निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. एकाचे दीड लाख, चौपट केले की ६ लाख. दुसऱ्याचे ४ लाख, चौपट केले की १६ लाख. दोघांच्या गुडघ्यात ५-५ मिली गेलं तर एकाला ३०० कोटी प्लेटलेट मिळाले आणि दुसऱ्याला ८०० कोटी. नोंदवहीत दोघांपुढे "४ एक्स, ५ मिली" असंच लिहिलेलं असतं. आधीचं काउंट, नंतरचं काउंट, पांढऱ्या पेशींचं काउंट आणि किती मिली दिलं, या चार आकड्यांवर काम भागतं. काउंटर प्रत्येक पॅथॉलॉजी लॅबमध्ये असतो. तरीही हे चार आकडे एकत्र लिहिलेले क्वचितच दिसतात.

म्हणून माझं म्हणणं असं, की यंत्राच्या तबकडीवर काय दिसलं ते लिहू नका, पेशीला प्रत्यक्ष काय सोसावं लागलं ते लिहा. खालचं सगळं याच एका धाग्याने जाणार आहे.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. इथला हवेचा दाब साधारण ९४ किलोपास्कल, मुंबईत तो १०१. ऑटोक्लेव्हचा, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचा, साधा गेज बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे तेवढंच दाखवतो. मुंबईत १५ पीएसआयला आतली वाफ १२१ अंशांवर असते. नाशिकमध्ये त्याच १५ पीएसआयला ती १२० च्या आसपास राहते. एक अंश कमी हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण निर्जंतुकीकरणाची वेळ १२१ अंश धरून ठरवलेली असते. तेव्हा काटा पाहू नये. लोडच्या मधोमध थर्मोकपल ठेवून तापमान पाहावं आणि जैविक इंडिकेटर लावावा. पेशी वाढवायच्या सीओटू इन्क्युबेटरचंही तसंच. ५ टक्के म्हणजे इथे ४.७ किलोपास्कल, समुद्रकिनारी ५.१. मीडियमचा (पेशी ज्या द्रावणात वाढतात त्याचा) पीएच त्याने जेमतेम ०.०३ ने वर सरकतो, तेवढं पेशी सहन करतात. पण यंत्राचा इन्फ्रारेड सेन्सर समुद्रसपाटीला कॅलिब्रेट करून आला असेल आणि इथे पुन्हा तपासला नसेल, तर चूक वाढत जाते. इन्स्टॉलेशनच्या दिवशी वेगळ्या गॅस अ‍ॅनालायझरने खात्री करून घ्यावी.

आता खऱ्या पेशींकडे येऊ. जगभर खूप वापरली जाणारी एक पेशी म्हणजे एमएससी, मेसेन्कायमल स्ट्रोमल सेल. ती मॅरोतून, म्हणजे अस्थिमज्जेतून, मिळते, चरबीतून मिळते, नाळेतून मिळते. २००६ साली आंतरराष्ट्रीय संस्था आयएससीटीने तिची किमान ओळख ठरवली. प्लास्टिकला चिकटून वाढली पाहिजे. ९५ टक्के किंवा जास्त पेशींवर सीडी७३, सीडी९० आणि सीडी१०५ ही पृष्ठभागावरची ओळखीची प्रथिनं दिसली पाहिजेत. सीडी४५, सीडी३४, सीडी१४ किंवा सीडी११बी, सीडी१९ किंवा सीडी७९ए आणि एचएलए-डीआर हे २ टक्क्यांपेक्षा जास्त पेशींवर दिसता कामा नयेत. आणि लॅबमध्ये तिच्यापासून हाड, चरबी व कूर्चा तयार करून दाखवता आली पाहिजे. हे निकष मोलाचे आहेत, त्यांच्यामुळे निदान एकमेकांशी बोलता आलं. पण कातडीतला साधा फायब्रोब्लास्टही सीडी७३, ९० आणि १०५ दाखवतो. म्हणजे ही चाचणी पेशीचं आधार कार्ड तपासते, तिला काम येतं का ते तपासत नाही.

शिवाय आधार कार्डही नीट वाचता यायला हवं. चरबीतून नुकत्याच काढलेल्या पेशींवर सीडी३४ असतोच, कल्चरमध्ये तो हळूहळू जातो. इंटरफेरॉन गॅमा हे प्रतिकारशक्तीचं संदेशवाहक प्रथिन लागलं की एचएलए-डीआर वर येतो, काही मीडियममध्ये आपसूकही येतो. चिकटलेल्या पेशी सोडवणारं ट्रिप्सिन हे एन्झाइम जास्त वेळ राहिलं तर पृष्ठभागावरची काही प्रथिनं कापली जातात आणि पॉझिटिव्ह पेशी निगेटिव्ह दिसते. फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेका पेशीवरची रंगाची चमक मोजणाऱ्या यंत्रावर, गेट (कोणत्या पेशी मोजणीत धरायच्या ती सीमा) कुठे ओढायचा हे ऑपरेटरच्या नजरेवर सोडलं तर एकाच ट्यूबचे दोन रिपोर्ट येतात. म्हणून अँटिबॉडीचा क्लोन, रंग, एक-रंग-वगळून केलेला कंट्रोल आणि गेट ओढण्याचा क्रम हे एसओपीमध्ये, म्हणजे लेखी कार्यपद्धतीत, चित्रासकट असावं.

मॅरो काढण्यापासूनच फरक सुरू होतात. नितंबाच्या हाडात एकाच जागी सुई ठेवून ओढत राहिलं तर पहिल्या २ ते ४ मिलीत कामाच्या पेशी येतात, पुढचं बहुतांशी शिरेतलं रक्त असतं. १० मिलीची सिरिंज घ्यावी, थोडं ओढून सुईची दिशा व खोली बदलावी. "६० मिली मॅरो घेतला" या वाक्यातून पेशींबद्दल काहीच कळत नाही. मॅरोतल्या केंद्रक असलेल्या दर १०,००० ते १ लाख पेशींमागे एखादीच एमएससी असते, त्यामुळे हात थोडा इकडेतिकडे झाला की सुरुवातीचा आकडा कितीतरी पटींनी बदलतो. ती संख्या सरळ मोजताही येत नाही. पेशी विरळ पेरून साधारण दोन आठवड्यांनी किती वसाहती उगवल्या ते मोजतात, तोच अंदाज.

पुढचं काम प्रयोगशाळेतल्या लोकांना पाठ असतं. १.०७७ घनतेच्या फिकॉल या द्रावणावर मॅरो हळुवार सोडायचा, ४०० जीवर ३० मिनिटं, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर थर ढवळले जातात, आणि ही चूक नवीन माणसाकडून हमखास होते. मधला थर उचलून धुवायचा, फ्लास्कमध्ये पेरायचा, दोन-तीन दिवसांनी न चिकटलेल्या पेशी काढून टाकायच्या. ३७ अंश, ५ टक्के सीओटू, तीन-चार दिवसांनी मीडियम बदल, फ्लास्क ७०-८० टक्के भरला की ट्रिप्सिन.

यातला सगळ्यात बेभरवशाचा घटक मीडियमच्या बाटलीत आहे. गाईच्या वासराचं सीरम वापरलं तर प्रत्येक लॉट वेगळा, शिवाय प्राण्याची प्रथिनं पेशींसोबत रुग्णाच्या शरीरात जातात. म्हणून आता बरेच जण माणसाच्या प्लेटलेटचं लायसेट (प्लेटलेट फोडून केलेला अर्क) वापरतात, ५ ते १० टक्के. पेशी त्यात झपाट्याने वाढतात. पण लायसेट हाही शेवटी रक्तदात्यांचाच माल. २२ अंशांवर हलत्या तबकात ठेवलेल्या प्लेटलेटचं आयुष्य ५ दिवस. मुदत संपलेल्या पिशव्या गोठवून-वितळवून लायसेट करतात. डेंग्यूच्या हंगामात पिशव्या उरतच नाहीत, मग दोन-चार दात्यांवर भागवायचा मोह होतो, आणि तिथे लॉटमधला फरक वाढतो. एकेका लॉटमध्ये जितके जास्त दाते एकत्र कराल तितका तो सपाट होतो. नवा लॉट लावण्याआधी जुन्या लॉटशेजारी तीच पेशी वाढवून वेग ताडून पाहावा. लायसेटमध्ये फायब्रिनोजेन असतं, त्यामुळे दर मिलीला २ युनिटच्या आसपास हेपॅरिन घातलं नाही तर मीडियम दह्यासारखं घट्ट होतं.

द्राक्ष बागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. डॉगरिजच्या खुंटावर भरलेली तीच थॉमसन निफाडच्या काळ्या जमिनीत वेगळी येते आणि दिंडोरीच्या मुरमाड उतारावर वेगळी. ऑक्टोबर छाटणी दहा दिवस मागे-पुढे झाली तरी घड बदलतो. म्हणून निर्यातीच्या पेटीवर नुसतं "थॉमसन" लिहून चालत नाही. अपेडाच्या ग्रेपनेट या निर्यात-नोंदणीत प्लॉटची नोंद लागते, काढणीआधी फवारणीच्या औषधांच्या उर्वरित अंशाचा रिपोर्ट लागतो, ब्रिक्स म्हणजे साखरेचं प्रमाण मोजावं लागतं. पेशीच्या कुपीवर मात्र आजही "एमएससी, पी४" एवढं लिहिलं की काम झालं असं बऱ्याच ठिकाणी मानलं जातं.

त्या "पी४" बद्दल थोडं थांबून बोलायला हवं. पी म्हणजे पॅसेज, फ्लास्कमधून पेशी किती वेळा उचलून पुन्हा पेरल्या. एका लॅबमध्ये दर वेळी एका फ्लास्कचे दोन करतात, म्हणजे दर पॅसेजला एक दुपट. दुसऱ्या लॅबमध्ये एकाचे आठ, म्हणजे तीन दुपटी. चार पॅसेजनंतर पहिल्या पेशी ४ वेळा दुपटल्या, दुसऱ्या १२ वेळा. दोन्हींवर चिठ्ठी पी४ची. पेशीचं वय दुपटींनी वाढतं. दुपटी वाढत गेल्या की ती पसरट होते, मंदावते, तिचे स्राव बदलतात. दुपट काढायला काढलेल्या पेशींना पेरलेल्या पेशींनी भागायचं, त्याचा १० च्या पायाचा लॉगॅरिदम घ्यायचा, ३.३२ ने गुणायचं. चौरस सेंटिमीटरला ४,००० पेरल्या आणि ३२,००० निघाल्या तर बरोबर ३. दर पॅसेजचा आकडा बेरजेत टाकत जायचा आणि कुपीवर ती बेरीज छापायची. पहिल्या फ्लास्कमधल्या दुपटी मात्र वर सांगितलेल्या वसाहतींच्या अंदाजावरूनच धराव्या लागतात, आणि तो अंदाज आहे असं स्पष्ट नोंदवावं.

मोजणी हाही असाच नाजूक भाग. हिमोसायटोमीटरच्या (पेशी मोजायच्या आखलेल्या काचपट्टीच्या) मोठ्या चौकोनाचं आकारमान ०.१ मायक्रोलिटर. त्यात १०० पेशी मोजल्या तर निव्वळ योगायोगाने येणारी चूक १० टक्के, ४०० मोजल्या तर ५ टक्के. ही चूक हाताच्या कौशल्याने जात नाही, जास्त पेशी मोजल्यानेच कमी होते. वर पिपेटची चूक, नीट न हलवलेल्या ट्यूबची चूक आणि गुठळ्या वेगळ्याच. पेशी मोजण्यासाठी आयएसओ २०३९१ हे मानक आहे, पहिला भाग २०१८चा, दुसरा २०१९चा. दुसऱ्या भागातली कल्पना मला फार पटते: एकच नमुना ठरलेल्या प्रमाणांत पातळ करत जा आणि आकडे त्याच प्रमाणात उतरतात का पाहा. उतरले नाहीत तर पद्धत खोटं बोलते आहे. यासाठी कुठलाही महागडा संदर्भ नमुना विकत आणावा लागत नाही.

आता खरा कस. पेशीची ताकद, म्हणजे पोटन्सी, मोजायची कशी? गोळीत औषध किती मिलिग्रॅम आहे ते मोजलं की बरंचसं कळतं. पेशी जिवंत असते, ती समोरची परिस्थिती पाहून वागते. एमएससी प्रतिकारशक्तीला आवर घालते म्हणून देणार असाल तर एक सर्रास चाचणी अशी: रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींना सीएफएसई हा रंग लावायचा, अँटी-सीडी३ आणि सीडी२८ने चेतवायचं, सोबत ठरलेल्या प्रमाणात एमएससी ठेवायच्या, आणि चार-पाच दिवसांनी लिम्फोसाइटची वाढ किती दबली ते पाहायचं. दर विभाजनाला रंग निम्मा होतो, त्यावरून कळतं. अडचण अशी, की लिम्फोसाइट ज्या दात्याच्या, त्याच्यावर निकाल हलतो. आज एका दात्याचं रक्त, पुढच्या महिन्यात दुसऱ्याचं, आणि दोष मात्र बिचाऱ्या एमएससीच्या लॉटला. यावर उपाय दोन. अनेक दात्यांच्या लिम्फोसाइट एकत्र करून पुरेशा कुप्या गोठवून ठेवायच्या. आणि एक संदर्भ लॉट कायमचा बाजूला ठेवून प्रत्येक चाचणीत तो शेजारी लावायचा, निकाल "संदर्भाच्या किती टक्के" असा द्यायचा. दुसरा मार्ग इंटरफेरॉन गॅमा देऊन आयडीओ हे एन्झाइम किती जागं होतं ते मोजण्याचा. तो स्वस्त आणि पटकन होणारा आहे. पण गुडघ्याच्या कूर्चेसाठी पेशी देणार असाल तर आयडीओचा आकडा नेमकं काय सांगतो, याचं उत्तर आधी हवं. चाचणी आजारावरून निवडायची असते, लॅबमध्ये कोणतं किट पडलं आहे त्यावरून नव्हे.

हा प्रश्न किती महाग पडतो ते रेमेस्टेमसेल-एलच्या उदाहरणावरून दिसतं. मॅरो प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी मुलाच्या शरीरावरच उलटतात आणि स्टेरॉइडला दाद देत नाहीत, तेव्हासाठीचा हा उपचार. डोस किलोमागे २० लाख पेशी, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने तो २०२० मध्ये परत पाठवला, २०२३ मध्ये पुन्हा पाठवला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर केला. मधल्या वादाचा एक मोठा भाग पोटन्सीचा होता: तुम्ही मोजता तो गुण आणि रुग्णाला होणारा फायदा यांचा संबंध दाखवा. युरोपात उलट घडलं. क्रोन्स आजारातल्या भगंदरासाठी चरबीतल्या १२ कोटी पेशींचा अलोफिसेल २०१८ मध्ये मंजूर झाला, पुढच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही, २०२४ मध्ये तो बाजारातून काढला गेला.

याउलट रक्तातल्या मूलपेशींचं प्रत्यारोपण पाहा. तिथे सीडी३४ मोजण्याची आयशेज पद्धत १९९६ पासून रुळली आहे, किलोमागे किमान २० लाख सीडी३४ पेशी हा आकडा जगभर चालतो. कारण मोजलेला गुण आणि परिणाम यांच्यातला धागा सरळ आहे: पुरेशा पेशी गेल्या की काही आठवड्यांत रक्ताचे काउंट वर येतात, ते रोज दिसतं. गुडघ्यात असा रोज वर येणारा काउंट नाही.

सातपूर-अंबडच्या औषध कारखान्यांत काम केलेल्यांना एक फरक लगेच जाणवेल. लाखो गोळ्यांच्या बॅचमधून काही गोळ्या चाचणीत फोडल्या तर काहीच बिघडत नाही. रुग्णाच्याच पेशींपासून केलेला लॉट एका माणसापुरता असतो, चाचणीला घेतलेली प्रत्येक मिली त्याच्या डोसमधून जाते. निर्जंतुकतेची रूढ चाचणी १४ दिवसांची, मायकोप्लाझ्माची (कल्चर दूषित करणाऱ्या अतिसूक्ष्म जीवाणूची) कल्चर पद्धत २८ दिवसांची, आणि ताज्या पेशी टिकतात १ ते ३ दिवस. म्हणजे रिपोर्ट येण्याआधीच पेशी शरीरात गेलेल्या असतात. त्यामुळे कल्चरच्या मध्यावर एकदा आणि शेवटी एकदा नमुना, जीवाणू दाखवणारा ग्रॅम स्टेन, एंडोटॉक्सिन या जीवाणूंच्या विषाची चाचणी, मायकोप्लाझ्माची पीसीआर, एवढं पेशी सोडण्याआधी हवं. आणि पाचव्या दिवशी बाटली गढूळ झाली तर रुग्णाला कोण फोन करणार, कोणतं अँटिबायोटिक सुरू करणार, हे आधी लिहिलेलं हवं.

भारतात कायदा पुरेसा स्पष्ट आहे. २०१९ च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स नियमांत मूलपेशींपासून केलेलं उत्पादन हे नेहमीच "नवं औषध" आहे. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या मान्य आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी वापर मंजूर चाचणीतच व्हायला हवा. रीतसर मंजुरी मिळवलेली उत्पादनंही आहेत: बंगळुरूचं स्टेमप्युसेल हे एमएससींचं उत्पादन, ज्यात अनेक दात्यांचा मॅरो एकत्र करून दात्यांमधला फरक आधीच सपाट केला जातो, आणि २०२३ मध्ये मंजूर झालेलं, आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियलच्या कामातून आलेलं, रक्ताच्या कर्करोगावरचं नेक्सकार१९. म्हणून नाशिकमध्ये कुणी ऑटिझमसाठी किंवा मणक्याच्या इजेसाठी पैसे घेऊन स्टेम सेल देऊ केले, तर मंजुरीचा किंवा चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा. तो मागण्यात संकोच करू नये.

शेवटचा टप्पा वाहतुकीचा आणि सुईचा, आणि चांगला माल इथेच वाया जातो. ताज्या पेशी मुंबईहून निघाल्या आणि पावसाळ्यात कसारा घाटात गाड्या अडकल्या तर घड्याळ थांबत नाही. गोठवलेल्या पेशींना वेळ मिळतो, पण किंमत मोजावी लागते. गोठताना पेशींना जपणाऱ्या १० टक्के डीएमएसओत, मिनिटाला १ अंश या गतीने खाली नेऊन द्रव नायट्रोजनच्या वाफेत, उणे १५० च्या खाली ठेवतात. कुपी शोधायला रॅक वर काढून मिनिटभर हातात धरला तर कडेच्या कुप्या उणे १३० च्या वर येतात आणि बर्फाचे कण पुन्हा वाढू लागतात. बाहेरून काही दिसत नाही. ड्राय शिपर (द्रव नायट्रोजनने थंड ठेवलेलं वाहतुकीचं भांडं) आडवा पडला तर नायट्रोजन भराभर उडतो, म्हणून आत तापमानाचा लॉगर हवा आणि पेशी वितळवण्याआधी त्याचा आलेख पाहायला हवा.

३७ अंशांच्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, बर्फाचा हरभऱ्याएवढा खडा उरला की बाहेर, मग पातळ करणारं द्रावण थेंबाथेंबाने. लगेच ट्रिपॅन ब्लू लावला तर ९० टक्के जिवंत दिसतील. हा रंग फक्त आवरण फुटलेल्या पेशी दाखवतो, मरणाच्या वाटेला लागलेल्या नाही. चार तासांनी पुन्हा मोजा, आकडा उतरलेला असू शकतो. नुकत्याच वितळवलेल्या एमएससीमध्ये आयडीओची जागही मंद असते, २४ तास कल्चरमध्ये ठेवल्यावर ती परत येते.

समजा कुपीवर अडीच कोटी लिहिलं आहे. वितळवून धुतल्यावर ८० टक्के हाती आल्या, म्हणजे २ कोटी. त्यातल्या ८५ टक्के जिवंत, म्हणजे १ कोटी ७० लाख. पेशी तळाशी बसतात, सिरिंज उभी धरून पाच मिनिटं थांबलं की खालचा भाग दाट आणि वरचा पातळ. कुपीच्या भिंतीला, सुईच्या मुळाशी १० टक्के राहिल्या तर सांध्यात पोचल्या १ कोटी ५३ लाख. केसपेपरवर अडीच कोटी लिहिलं जातं. तिथे लिहावं ते असं: लॉट क्रमांक, एकूण दुपटी, वितळवण्याची वेळ, इंजेक्शनची वेळ, वितळवल्यानंतरचं जिवंत काउंट, सुईचा गेज, आणि संदर्भ लॉटच्या तुलनेत पोटन्सी किती टक्के. इंजेक्शन दिल्यावर रिकामी कुपी फेकू नये. तिच्यात राहिलेलं धुऊन मोजावं आणि तो आकडाही त्याच ओळीत घालावा.